त्वचेस मानवणारा घरगुती साबण : तेलांची निवड कशी करावी?

गेल्या काही वर्षांत खेड्यापाड्यांतील महिला बचत गटांनी जे जोडधंदे हाती घेतले, त्यांत अंघोळीचा साबण तयार करण्याच्या धंद्याचा समावेश होतो. त्यास भांडवल थोडे लागते, यंत्रसामग्री जवळजवळ लागत नाही आणि कच्चा माल पुष्कळसा आपल्याच शिवारात वा रानात पिकतो. तथापि बहुतेक ठिकाणी असे आढळून येते की, कोणीतरी एकदा सांगितलेली एकच कृती सर्वत्र चालू असते. कोकणातील दमट हवेत तयार झालेली कृती मराठवाड्यातील कोरड्या थंडीत जशीच्या तशी वापरली जाते, आणि मग साबण विकत घेणारे सांगू लागतात की, "अंग ओढते", "हात चरचरतात", किंवा याच्या उलट, "फेस येत नाही, वडी दोन दिवसांत विरघळते". अशा तक्रारींचा दोष बहुधा सुवासाकडे किंवा रंगाकडे लावण्यात येतो. वस्तुतः त्याचे मूळ तेलांच्या निवडीत आणि त्या तेलांस लागणाऱ्या सोड्याच्या मापात असते. ह्या दोन गोष्टी एकमेकींपासून अलग करता येत नाहीत, हे ग्रामपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी प्रथम ध्यानात घ्यावे.

साबणात तेल 'तेल' राहत नाही

खोबरेल केसांस चांगले, म्हणून खोबरेलाचा साबणही त्वचेस तसाच चांगला, अशी समजूत सर्वत्र आहे. ती बरोबर नाही. तेलावर दाहक सोड्याची (कॉस्टिक सोड्याची) क्रिया झाली म्हणजे तेलाचे दोन भाग होतात. एक भाग ग्लिसरीनचा, आणि दुसरा मेदाम्लांचा. ही मेदाम्ले सोड्याशी संयोग पावतात व त्यांचाच साबण बनतो. तेव्हा वडीत जे शिल्लक राहते ते तेल नव्हे, तर त्या तेलातील मेदाम्लांचे क्षार होत. एखादे तेल अंगास चोळले असता कसे वाटते, यावरून त्याचा साबण कसा होईल हे सांगता येत नाही. ते ठरते त्या तेलात कोणती मेदाम्ले किती आहेत यावर.

खोबरेलात निम्म्याच्या आसपास लॉरिक आम्ल असते. त्याचा साबण पाण्यात झटकन विरघळतो, भरपूर फेस देतो व मळ जोरात काढतो. परंतु मळाबरोबर त्वचेवरचा नैसर्गिक स्निग्ध थरही तो काढून नेतो. अंग ओढते ते यामुळे. शेंगदाण्याच्या तेलात ओलिइक आम्ल मुख्य असते. त्याचा साबण सौम्य असतो, मात्र फेस बारीक येतो आणि वडी मऊ राहते. कोकमाच्या बियांचे तेल, ज्यास दक्षिण कोकणात व गोव्यात भिरंडेल म्हणतात, त्यात निम्म्याहून अधिक स्टिअरिक आम्ल असते. त्यामुळे वडी कठीण होते, पुष्कळ दिवस टिकते व फेस सायीसारखा दाट येतो. एरंडेलातील रिसिनोलिइक आम्ल इतर तेलांत जवळजवळ सापडतच नाही. ते थोडे असेल तर फेस टिकवून धरते, जास्त झाले तर वडी चिकट होते. म्हणून एरंडेल शेकडा पाच ते दहापेक्षा अधिक घेऊ नये.

करडई आणि जवस यांविषयी मात्र सावध राहावयास हवे. करडईत लिनोलिइक व जवसात लिनोलेनिक आम्ल फार असते, आणि ही आम्ले हवेतील प्राणवायूने लवकर खवट होतात. अशा साबणावर महिन्या-दोन महिन्यांत पिवळे-तांबूस ठिपके उठतात व वास येऊ लागतो. विदर्भात जवस आणि मराठवाड्यात करडई घरची असते, म्हणून ती साबणात घालण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. करडई एकूण तेलाच्या पाचव्या हिश्शापर्यंत चालेल. जवस मात्र अंघोळीच्या साबणात न घालणेच श्रेयस्कर. ओलिइक आम्ल जास्त असलेले करडईचे वाण अलीकडे निघाले आहेत. त्यांचे तेल मिळत असल्यास ते शेंगदाण्याच्या तेलासारखे वापरता येईल.

येथे ग्लिसरीनचाही उल्लेख केला पाहिजे. तेलाच्या वजनाच्या सुमारे दहा टक्के इतके ग्लिसरीन साबण होताना तयार होते. मोठ्या कारखान्यांत मिठाचा उपयोग करून ते बहुधा वेगळे काढून घेतात, कारण त्यास स्वतंत्र किंमत येते. घरगुती पद्धतीत ते वडीतच राहते व त्वचेतील ओलावा धरून ठेवण्यास मदत करते. घरगुती साबणाचा खरा गुण हा आहे, आणि गिऱ्हाइकास सांगावयाचे असेल तर हेच सांगावे.

त्वचा ओळखावी कशी?

यासाठी कोणत्याही उपकरणाची जरूर नाही. सकाळी चेहरा नुसत्या पाण्याने धुऊन पुसावा व तासभर त्यास काहीही लावू नये. तासानंतर गाल ओढल्यासारखे वाटत असतील, किंवा नखाने हलकेच ओरखडा काढल्यास हातावर पांढरी रेघ उमटत असेल, तर त्वचा कोरडी समजावी. कपाळ व नाक यांवर तेलकट चकाकी आली असेल तर तेलकट. यापैकी काहीच नसेल तर साधारण. सामान्यतः तारुण्यात त्वचा तेलकट असते व वय वाढेल तशी ती कोरडी होत जाते. एकाच माणसाची त्वचा पावसाळ्यात साधारण व पौष-माघात कोरडी असू शकते. त्यामुळे घरातील प्रत्येकासाठी वेगळी वडी करण्याची गरज नसली, तरी हिवाळ्याची कृती व उन्हाळ्या-पावसाळ्याची कृती अशा दोन कृती प्रत्येक गटाजवळ असाव्यात.

शेतात राबणाऱ्याची त्वचा हा स्वतंत्र विषय आहे. भातलावणीत तासन्‌तास चिखलात असणारे पाय, कांदाकाढणीत मातीने कोरडे पडणारे हात आणि रोज भांडी घासणाऱ्या स्त्रियांची बोटे यांची त्वचा मुळात तेलकट असली तरी हातापायांपुरती ती कोरडी व भेगाळलेली असते. अशांना "मळ फार, म्हणून साबण कडक हवा" असे वाटते. खरे तर भेगा पडलेल्या त्वचेस कडक साबणाने आणखी इजा होते. त्यांनी सौम्य साबण वापरून हात दोनदा धुवावेत व पुसल्यावर ओलसर असतानाच थोडे तेल चोळावे. साबणाने भेगा भरून येत नाहीत, त्या भरून येण्यास असे तेल चोळल्याचाच उपयोग होतो.

साबण कितीही उत्तम असला तरी तो अल्कधर्मी असतो, हेही सांगणे जरूर आहे. चांगल्या साबणाच्या द्रावणाचा सामू नऊ ते दहा असतो, तर निरोगी त्वचेच्या पृष्ठभागाचा पाचच्या आसपास. निरोगी त्वचा काही तासांत आपला सामू पूर्ववत करते. इसब झालेल्या माणसास ते साधत नाही. इसब असलेल्यांनी व तान्ह्या मुलांसाठी घरगुती साबण वापरू नये. बेसन वा मसुराचे पीठ सायीत कालवून अंगास लावण्याची आपल्याकडील जुनी चाल अत्यंत कोरड्या त्वचेच्या वृद्धांस आजही साबणापेक्षा अधिक मानवते, असे माझे निरीक्षण आहे. खरूज, नायटा यांसाठी "औषधी साबण" मागणाऱ्यास प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट दाखवावी. खरूज ही किड्यामुळे होते व घरातील सर्वांनी एकाच वेळी औषध लावल्याखेरीज जात नाही. साबणावर विसंबून राहण्यात दिवस मात्र फुकट जातात आणि ती साऱ्या घरभर पसरते.

तेल बदलले की सोडा बदलला

आता ह्या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे वळू. प्रत्येक तेलाचा पूर्ण साबण होण्यासाठी दाहक सोडा किती लागतो, हे त्या तेलावर अवलंबून असते. शंभर ग्रॅम तेलास लागणारा शुद्ध सोडा सरासरीने पुढीलप्रमाणे आहे.

खोबरेल : १८.३ ग्रॅम
लिंबोळीचे तेल : १३.८ ग्रॅम
मोहाच्या बियांचे तेल : १३.७ ग्रॅम
शेंगदाण्याचे व करडईचे तेल : १३.६ ग्रॅम
तिळाचे व कोकमाचे तेल : १३.५ ग्रॅम
करंजाचे तेल : १३.१ ग्रॅम
एरंडेल : १२.८ ग्रॅम

बाकीची तेले एकमेकांच्या जवळपास आहेत, परंतु खोबरेल सर्वांहून फार वेगळे आहे. एक किलो खोबरेलास १८३ ग्रॅम सोडा लागतो, तर एक किलो शेंगदाण्याच्या तेलास १३६. खोबरेलाचे माप घेऊन शेंगदाण्याच्या तेलाचा साबण कोणी केला, तर ४७ ग्रॅम सोडा तसाच मोकळा राहील. असा साबण त्वचा भाजतो. एका गटाने आपल्या कृतीतील खोबरेल महाग झाले म्हणून त्याऐवजी तितकेच शेंगदाण्याचे तेल घातले व सोड्याचे माप तेच ठेवले, हे मी स्वतः पाहिले आहे. साबण दिसावयास सुरेख झाला होता. आठ दिवसांत तो वापरणाऱ्या तीन-चार स्त्रियांच्या हातांची साल निघू लागली, आणि त्या गावात घरगुती साबण पुढे वर्षभर कोणी हाती धरला नाही.

ह्यावर उपाय दुहेरी आहे. एक तर तेल बदलताच वरील आकड्यांवरून सोड्याचा हिशेब नव्याने मांडावा. दुसरे असे की, हिशेबाने येईल त्यापेक्षा पाच ते आठ टक्के सोडा कमीच घ्यावा. त्यामुळे थोडे तेल साबण न होता वडीत राहते. ते त्वचेस मऊपणा देते व मापातील लहानसहान चूक पोटात घालते. बाजारात मिळणारा सोडा सर्वस्वी शुद्ध नसतो व उघडा राहिल्यास हवेतील ओलावा शोषतो. पण ह्यामुळे सोडा किंचित कमीच पडतो, जास्त होत नाही. म्हणून त्यासाठी वेगळी भर घालू नये.

सोडा व तेल ही दोन्ही वजन करूनच घ्यावीत. वाटी, पेला, चमचा यांचे माप येथे कामाचे नाही. एक-एक ग्रॅम दाखविणारा लहान वजनकाटा हा ह्या धंद्यातील पहिला खर्च होय. राखेचे पाणी किंवा पापडखार वापरून साबण करण्याचा सल्ला अधूनमधून ऐकू येतो. राखेच्या पाण्याचे बळ दर वेळी निराळे असते व पापडखारात तेलाचा साबण करण्याइतका जोर नसतो. दोन्ही सोडून द्यावेत.

चार कृती

पुढील प्रत्येक कृती एक किलो तेलाची आहे. त्यापासून वाळल्यावर शंभर ग्रॅमच्या साधारण बारा वड्या होतात. सोड्याच्या मापात वर सांगितलेली घट धरलेली आहे, ती पुन्हा करू नये.

साधारण त्वचेसाठी खोबरेल ३०० ग्रॅम, शेंगदाण्याचे तेल ६०० ग्रॅम व एरंडेल १०० ग्रॅम घ्यावे. सोडा १४२ ग्रॅम व पाणी ३०० ग्रॅम. हीच कृती नवख्या गटाने प्रथम करावी. ह्यात खोबरेल न घालता सर्व भर शेंगदाण्याची घातली, तर सोडा १३५ ग्रॅमच पुरतो आणि १४२ ग्रॅम घातल्यास सुमारे सात ग्रॅम मोकळा राहतो. मघाशी सांगितलेला प्रकार असाच घडतो.

कोरड्या व भेगाळणाऱ्या त्वचेसाठी आणि घाटमाथ्यावरील हिवाळ्यासाठी खोबरेल १५० ग्रॅमवर आणावे. शेंगदाण्याचे तेल ६००, कोकमाचे तेल २०० व एरंडेल ५० ग्रॅम घ्यावे. सोडा १३१ ग्रॅम, म्हणजे येथे घट आठ टक्के धरली आहे, आणि पाणी २८० ग्रॅम. खोबरेल कमी केल्यामुळे वडी मऊ पडली असती, ती उणीव कोकम भरून काढते. कोकमाचे तेल साध्या हवेत गोठलेले असते, ते मंद आचेवर वितळवून घ्यावे व मिश्रण कोमट ठेवूनच काम करावे. नाहीतर ते पुन्हा गोठू लागते आणि साबण जमला असा भास होतो. शेंगदाण्याची अॅलर्जी असणाऱ्या माणसासाठी त्याऐवजी तितकेच तिळाचे तेल घालावे. तिळाचीही अॅलर्जी नाही ना, एवढे मात्र विचारून घ्यावे. तेलांच्या आकड्यांतील फरक इतका अल्प आहे की सोड्याचे माप तेच चालते.

तेलकट त्वचेसाठी, म्हणजे विशेषतः तरुण मुलामुलींसाठी, खोबरेल ४०० ग्रॅम, मोहाचे तेल ३०० ग्रॅम व शेंगदाण्याचे तेल ३०० ग्रॅम. सोडा १४७ ग्रॅम, पाणी ३०० ग्रॅम. गडचिरोली, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार ह्या भागांत मोहाच्या बिया गोळा करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत. ह्या तेलात स्टिअरिक व पामिटिक आम्लांचा वाटा चांगला असल्याने ते वडीस कठीणपणा आणते, व कोकम जेथे मिळत नाही तेथे त्याची जागा घेऊ शकते. चेहऱ्यावर मुरुमे आहेत म्हणून दिवसातून चार-पाच वेळा साबण लावण्याची तरुणांची सवय मात्र मोडावी. दोन वेळा पुरे.

चौथी कृती त्वचेपेक्षा पाण्यासाठी आहे. अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांतील पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, आणि दक्खनच्या काळ्या पाषाणातील अनेक विहिरींचे पाणी जड असते. जड पाण्यातील चुना व मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा पांढरट साका बनवितात. हा साका अंगावर बसतो व खाज आणतो. खारट पाण्यात तर साधा साबण फेसच देत नाही. खोबरेलाच्या साबणाचे वैशिष्ट्य हे की, तो खाऱ्या पाण्यातही फेस देतो. समुद्रावरील खलाशांसाठी पूर्वीपासून खोबरेलाचा साबण करीत ते ह्याच कारणाने. म्हणून अशा गावांत खोबरेल ६०० ग्रॅम, शेंगदाण्याचे तेल ३०० ग्रॅम व एरंडेल १०० ग्रॅम घ्यावे. त्याचा कडकपणा कमी व्हावा म्हणून सोडा मात्र बारा टक्के कमी, म्हणजे १४४ ग्रॅमच घ्यावा. पाणी ३०० ग्रॅम. ह्या वडीत मोकळे तेल जास्त असल्याने ती सहा महिन्यांच्या आत संपवावी. जड पाण्याच्या गावात कोरड्या त्वचेच्या माणसाने शेवटचा तांब्या साठविलेल्या पावसाच्या पाण्याचा घेतला, तर फार फरक पडतो.

करंज, लिंबोळी व इतर अखाद्य तेले

साबणासाठी खाद्यतेल जाळणे कितपत योग्य, असा प्रश्न जुन्या कार्यकर्त्यांकडून विचारला जातो, आणि तो रास्त आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने ग्रामोद्योगांची जी दिशा दाखविली, आणि १९५७ मध्ये स्थापन झालेल्या खादी व ग्रामोद्योग आयोगाने अखाद्य तेले व साबण यांचा जो उद्योग चालविला, त्यामागे रानात वाया जाणाऱ्या बिया उपयोगात आणाव्यात हाच विचार होता. आजही ज्या घरात फोडणीस तेल पुरत नाही, तेथे घाण्याचे शेंगतेल साबणात घालण्याचा सल्ला मी देणार नाही.

करंजाच्या तेलात ओलिइक आम्ल भरपूर असल्याने त्याचा साबण मुळात सौम्य असावयास हवा. अडचण आहे ती उग्र वासाची व गडद रंगाची. लिंबोळीच्या तेलाचे तेच. अंघोळीच्या साबणात ह्यांपैकी कोणतेही एक, एकूण तेलाच्या दहाव्या हिश्शापर्यंत, शेंगदाण्याच्या तेलाऐवजी घालता येते. कपडे धुण्याच्या साबणात त्याहून पुष्कळ अधिक चालते. कडुनिंबातील कीडनाशक द्रव्य, जे आपण फवारणीसाठी वापरतो, ते तीव्र सोड्यात टिकत नाही. तेव्हा लिंबोळी अर्काचे जे गुण पिकावर दिसतात, ते साबणातून त्वचेवर मिळतील असे कोणी समजू नये. कोकण किनाऱ्यावरील उंडीचे तेल हिरवट, राळयुक्त व तीव्र वासाचे असते. नाजूक त्वचेच्या माणसांसाठी ते वगळावे. तळणीचे उरलेले तेल फक्त कपड्यांच्या साबणासाठी राखून ठेवावे.

हळद घातलेला साबण करण्याची मागणी सर्वत्र असते. हळदीच्या डागास साबण लागला की तो लाल होतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. साबणाच्या मिश्रणात नेमके हेच होते. हळदीचा रंगच पालटतो, तेथे तिचे गुण तसेच राहतील अशी अपेक्षा व्यर्थ आहे. रंगासाठी चिमूटभर घालण्यास हरकत नाही. लिंबाचा रस मात्र घालूच नये. त्यातील आम्ल सोड्याचा काही भाग खाऊन टाकते, आपला हिशेब बिघडतो आणि पदरात काही पडत नाही.

करावयाची रीत व घ्यावयाची खबरदारी

दाहक सोडा हा खरोखरच दाहक आहे. तो डोळ्यात गेल्यास दृष्टी जाऊ शकते. काम उघड्या, हवेशीर जागी करावे, आणि लहान मुले व गुरे-कोंबड्या तेथे फिरकू देऊ नयेत. हातात रबरी मोजे व डोळ्यांवर चष्मा असल्याशिवाय सोड्याच्या डब्याचे झाकण काढू नये. नेहमी पाण्यात सोडा थोडा थोडा टाकावा. सोड्यावर पाणी कधीही ओतू नये, ते एकदम उकळून अंगावर उडते. भांडी स्टेनलेस स्टीलची किंवा जाड प्लॅस्टिकची असावीत. अॅल्युमिनियमच्या पातेल्यात सोडा टाकल्यास भांडे खाल्ले जाते व पेट घेणारा वायू निघतो. पितळ, तांबे व जस्त चढविलेल्या बादल्याही वर्ज्य समजाव्यात. ही भांडी पुन्हा स्वयंपाकास वापरू नयेत.

सोडा विरघळताना पाणी फार तापते. ते ४० ते ४५ अंशांवर येईपर्यंत थांबावे. तेलेही तितकीच कोमट करावीत. मग सोड्याच्या पाण्याची बारीक धार तेलात सोडीत एकसारखे ढवळावे. हाताने तासभर लागू शकतो, विजेच्या घुसळणीने काही मिनिटांत होते. ढवळणी उचलली असता पडणारी धार पृष्ठभागावर क्षणभर रेघ धरून राहिली, म्हणजे मिश्रण साच्यात ओतावे व गोणपाटाने झाकून ठेवावे. एक-दोन दिवसांनी मोजे घालूनच वड्या कापाव्यात. पाणी शक्यतो पावसाचे गाळलेले किंवा शुद्ध केलेले घ्यावे.

वड्या सावलीत, हवा खेळेल अशा फळीवर चार ते सहा आठवडे ठेवाव्यात. ह्या काळात उरलासुरला सोडा संपतो, पाणी उडते, वडी कठीण होते व साबण सौम्य होतो. सणाच्या बाजारासाठी घाईने पंधरा दिवसांत वड्या विकणाऱ्या गटांना हे वारंवार सांगावे लागते. विकण्यापूर्वी ओल्या वडीवर सामू-कागद लावून पाहावा. नऊ-दहा आल्यास ठीक, अकराच्या वर गेल्यास तो घाणा अंघोळीसाठी देऊ नये. त्यानंतर गटातील दोन-तीन स्त्रियांनी कोपराच्या आतील बाजूस तीन दिवस लावून पाहावा. नाजूक त्वचेसाठी करावयाच्या वड्यांत सुगंधी द्रव्य अजिबात घालू नये.

सोडा अंगावर उडाल्यास लगेच भरपूर वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुवावे. व्हिनेगर वा लिंबू चोळत बसू नये. डोळ्यात गेल्यास पापणी उघडी धरून तसेच धुवावे व धूत धूतच दवाखाना गाठावा. कोणी गिळल्यास उलटी काढू नये, कारण येताना तो अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतो. सोड्याचा डबा घट्ट झाकणाचा, नाव लिहिलेला व कुलपात असावा. पाण्याच्या किंवा सरबताच्या रिकाम्या बाटलीत सोड्याचे द्रावण भरून ठेवण्याची सवय काही ठिकाणी आहे, ती तत्काळ बंद करावी.

प्रत्येक घाण्याची नोंद वहीत असावी : तारीख, तेलांची वजने, सोड्याचे वजन, कापल्याची व विक्रीस काढल्याची तारीख. त्यातील एक वडी गटाजवळ ठेवावी, म्हणजे तक्रार आल्यास ताडून पाहता येते. घरच्या वापरासाठी साबण करण्यास परवाना लागत नाही. विक्रीसाठी करावयाचा असल्यास सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० अन्वये उत्पादनाचा परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात चौकशी करावी, आणि वेष्टनावर कोणताही रोग बरा होतो असे छापू नये.